डावखुरीचा मोकळा हात

पात्रता फेरीचा शेवटचा सामना सुरू होऊन अर्धा तास झाला होता, आणि भावोजींचं ठाम मत बनलं होतं की समोरची डावखुरी चुकीचा फोरहँड मारते आहे.

चेंडू रेषेच्या आत पडत होता, गुण तिला मिळत होते, पहिला सेट जवळजवळ तिच्या खिशात गेला होता. पण हे झाले तपशील. भावोजींनी तिच्या फोरहँडचा अभ्यास केला होता, आणि त्या अभ्यासाप्रमाणे चेंडू जिकडे जायला हवा त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला तो जात होता. अशा वेळी साधा माणूस आपल्या अभ्यासाकडे संशयानं बघतो. भावोजी डावखुरीकडे संशयानं बघत होते.

“बदललंय हिनं,” ते पुटपुटले. “पंधरवड्यात सगळं तंत्र बदललंय. ऐन सामन्याच्या तोंडावर कोणी असं करतं का? काही जबाबदारी?”

“काय म्हणतायत जावईबापू?” पलीकडून ताईनं विचारलं.

“समोरचीला झापतायत,” आई म्हणाली.

आई या दोघांच्या मध्ये बसली होती. ती नेहमीच मध्ये बसते. एकदा नवराबायकोला शेजारीशेजारी बसवून पाहिलं होतं, तेव्हा पंचांनी दोनदा खेळ थांबवून प्रेक्षकांना शांततेची विनंती केली होती. प्रेक्षक म्हणजे हेच दोघं.

मैदानावर होती ती धाकटी. ताई म्हणजे तिची थोरली बहीण आणि प्रशिक्षक. भावोजी म्हणजे ताईचा नवरा आणि चित्रफितींचं खातं. आई म्हणजे आई. बाहेरचा माणूस या ताफ्यात नव्हता. पूर्वी दोन ठेवून पाहिले होते. दोघांनीही जाताना घरच्या सगळ्यांना शुभेच्छा दिल्या होत्या आणि नंतर फोन उचलला नव्हता.

धाकटीनं तिशी ओलांडली होती. तिचा एक गुडघा सकाळी उठायला तयार नसे, दुसरा त्याला सहानुभूती म्हणून उठत नसे. गेली दोन वर्षं ती मुख्य स्पर्धेच्या दारापर्यंत यायची आणि दारातूनच परत फिरायची. या खेपेला तिनं घरात सांगून टाकलं होतं: हा सामना जिंकला तर आत, आणि मग पुढचं पुढे. हरला तर सोमवारपासून एका क्लबात लहान मुलांना शिकवायची नोकरी. क्लबच्या चिटणीसबाई चांगल्या होत्या, पण त्यांना आज दुपारपर्यंत हो किंवा नाही हवं होतं. धाकटीचा फोन आईच्या मांडीवर होता. तो मधूनमधून थरथरायचा आणि आई त्यावर हात ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

भावोजी मूळचे टेनिसचे नव्हेत. कृत्रिम पाय बसवणाऱ्या एका संस्थेत ते माणसांच्या चाली मोजायचे. गुडघा किती वाकतो, टाच आधी टेकते की चवडा, वजन कोणत्या कमरेवर जातं. लग्न झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सासरी एकाच विषयावर बोलतात आणि तोही शेवटी गुडघ्यांवरच येतो. ते रमले. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तसे ते व्यावसायिक खेळाडूंचे फोरहँड जमवू लागले. चित्रफितीतून बाई पुसून टाकायची आणि नुसत्या रेघा ठेवायच्या: खांदा, कोपर, मनगट, कंबर, रॅकेट. मग एकीच्या रेघा दुसरीच्या रेघांवर ठेवायच्या आणि तासन्‌तास बघत बसायचं.

एकीचा हात कोपरात न वाकता लांबच्या लांब जायचा, माळ्यावरचा डबा काढत असल्यासारखा. दुसरीचं कोपर पोटाला चिकटलेलं, अडकलेला खण ओढावा तसं. तिसरीचं मनगट शेवटच्या क्षणापर्यंत मागे लोंबकळत राही आणि मग ओला टॉवेल झटकल्यासारखं पुढे येई. चौथी फटका मारून झाल्यावर रॅकेट डोक्यावरून अशी गरकन फिरवायची की तिच्याबरोबर दुहेरीत खेळायला कोणी तयार होत नसावं, असं भावोजींचं अनुमान होतं. घरात या सगळ्यांना नावं पडली होती. “आज तुझा जरा जास्तच खण झाला,” असं जेवताना म्हटलं जाई, आणि धाकटी म्हणे, “टॉवेल करायला गेले की खांदा दुखतो.” पाहुण्यांना वाटायचं, हे लोक घर आवरण्याविषयी बोलतायत.

डावखुरी पंधरवड्यापूर्वी या संग्रहात आली. ती समोर येणार असं दिसू लागलं होतं, आणि तिचा फोरहँड म्हणजे तोफ होती. तो परतवायचा तर तो कुठे येणार हे आधी कळणं भाग होतं. भावोजींनी तिच्या रेघा इतर सगळ्यांच्या रेघांवर ठेवल्या, आठवडाभर डोळे फोडले, आणि शेवटी त्यांना तो मोकळा हात सापडला.

फोरहँडच्या सुरुवातीला मोकळा हात रॅकेटच्या मानेला धरून असतो आणि मग सोडून देतो. बाकीच्या जणींचा दर वेळी सारख्याच क्षणी सुटतो. डावखुरीचा तसा नव्हता. मैदानाच्या आडव्या कोपऱ्यात तिरका फटका मारायचा असला की तो रॅकेटवर रेंगाळायचा. समोर सरळ मारायचा असला की लवकर सुटायचा. जगात हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. निदान भावोजींची तशी समजूत होती आणि ती मोडायचं काही कारण नव्हतं.

“तिरकं-सरळ तिला सांगू नकोस,” ताई म्हणाली होती. “पळता पळता ती भूमिती करत बसणार का? डावं की उजवं, तेवढं सांग.”

भावोजींनी चित्रफीत पुन्हा लावली, बघितली आणि सांगितलं: हात रेंगाळला तर तुझ्या उजवीकडे, लवकर सुटला तर डावीकडे.

मग आठवडाभर घरात दुसरं काही नाही. ताई स्वयंपाकघरात कढईचा दांडा दोन्ही हातांनी धरायची, एक हात मध्येच सोडायची, आणि धाकटी जिथे असेल तिथून डावीकडे उडी मारायची. आईच्या दोन कपबश्या त्यात गेल्या. पण सामन्याच्या दिवशी सकाळी धाकटी झोपेत विचारलं तरी बरोबर उत्तर देत होती.

आणि आता ती दर वेळी बरोबर उत्तर देत होती आणि चेंडू दर वेळी दुसरीकडे जात होता. डावखुरीचा हात रेंगाळला, धाकटी उजवीकडे झेपावली, चेंडू डावीकडून निघून गेला. हात सुटला, धाकटी डावीकडे, चेंडू उजवीकडे. सहा-दोन. पहिला सेट गेला. खुर्चीकडे जाताना धाकटीनं भावोजींकडे एकदा बघितलं. सांगितलेल्या रस्त्यानं जाऊन दुसऱ्यांदा त्याच बंद बोळात शिरलेला माणूस पत्ता सांगणाऱ्याकडे बघतो, तशी नजर होती ती.

भावोजींनी मांडीवरची टॅबलेट उघडली. डावखुरीचं तंत्र नेमकं कुठे बदललं हे त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करायचं होतं. रेघांनी भागणार नव्हतं, म्हणून त्यांनी रेघा काढून टाकल्या आणि मूळ चित्र मोठं केलं. मैदान दिसलं, पंचांची खुर्ची दिसली, मागची भिंत दिसली. भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळाचा सेकंदकाटा मागे मागे चालला होता.

भावोजींनी तो थोडा वेळ कौतुकानं पाहिला. मग त्यांनी चित्र थांबवलं.

डावखुऱ्या खेळाडूंच्या रेघा उजव्यांच्या रेघांवर बसत नाहीत. म्हणून संग्रहात नवी डावखुरी आली की भावोजी सगळ्यात आधी तिची चित्रफीत आरशात धरल्यासारखी उलटी करायचे. त्यांच्या संग्रहातली प्रत्येक बाई उजव्या हाताची होती. तुलनेला ते सोयीचं होतं. तिरका फटका आरशातही तिरकाच राहतो, सरळ तो सरळच. डावं आणि उजवं मात्र राहत नाही. आणि ताईनं मागितलं होतं ते डावं आणि उजवं.

म्हणजे डावखुरी पहिल्यापासून बरोबर खेळत होती. भावोजींनी मनातल्या मनात तिची माफी मागितली. ती सोपी होती, ती बाई दूर उभी होती. अवघड माफी एक खुर्ची सोडून बसली होती.

“आई,” ते हळूच म्हणाले, “तिला सांगा, चित्रफीत उलटी होती.”

“ते म्हणतायत चित्रफीत उलटी होती,” आईनं डावीकडे सांगितलं.

“कसली चित्रफीत? कोणाची? आत्ता काय त्याचं?” ताईची नजर मैदानावरून हलली नाही. दुसरा सेट सुरू झाला होता.

“ती म्हणते, आत्ता काय त्याचं.”

“सांगा, डावं ते उजवं आहे आणि उजवं ते डावं. धाकटी उलट्या बाजूला पळते आहे. माझ्यामुळे.”

हे आईनं तसंच्या तसं पोचवलं. शेवटचे दोन शब्द तिनं जरा सावकाश उच्चारले.

ताईनं मान वळवली. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला डावखुरीनं फोरहँडला खांदा वळवला, तोफ सुटली, आणि धाकटी चेंडूपाशी आधीच पोचलेली होती. तिनं तो असा परतवला की डावखुरी जागच्या जागी उभी राहिली.

“उलट्या बाजूला पळते?” ताई म्हणाली. “हे बघितलंस?”

“नशीब असेल.”

पुन्हा तोफ. पुन्हा धाकटी तिथेच. आणि पुन्हा.

“तीन वेळा नशीब?”

“हे बघ, मी मूळ चित्र तपासलंय. घड्याळ मागे चाललंय त्यात.”

“घड्याळ?” ताई आता आईच्या पुढून वाकून बोलत होती. “माझी बहीण चेंडूला पोचतेय, आणि तू मला घड्याळ दाखवतोस? तुझं सांगणं चुकलं असतं तर ती पोचली असती का? पोचतेय म्हणजे बरोबर आहे. गप्प बस. आणि देवाशपथ सांगते, तिला काही बोललास तर आपल्याला घरी जायला दोन गाड्या लागतील.”

या बोलण्यात तर्काची चूक काढता येत नव्हती. भावोजींनी पुष्कळ प्रयत्न केला. टॅबलेट पुन्हा उघडली. पुन्हा घड्याळ मागे. दुसऱ्या सामन्याची चित्रफीत काढली. तीही उलटी. फलकावरची अक्षरं उलटी, पंचांच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे. सबंध दुसरा सेट ते मान खाली घालून पुरावे गोळा करत राहिले. आयुष्यभर लोकांचे पाय बघून पोट भरलेल्या या माणसानं समोर पळणाऱ्या पायांकडे त्या चाळीस मिनिटांत एकदाही बघितलं नाही.

सहा-तीन. दुसरा सेट धाकटीचा. ताईच्या मुठी वळलेल्या होत्या, आईनं फोन उलटा घालून ठेवला होता.

“आला का रंग चेहऱ्यावर?” आईनं जावयाला विचारलं.

“आई, मी खरंच सांगतोय. हे सगळं चुकीच्या पायावर उभं आहे. कधीही कोसळेल.”

“माझ्या लग्नाबद्दल तुमचे सासरे हेच म्हणायचे,” आई म्हणाली. “बघा आता.”

तिसरा सेट. आता दोघीही दमलेल्या. धाकटी दोन गुणांच्या मधे गुडघ्यावर हात टेकून वाकायला लागली होती. डावखुरीचा सदरा पाठीला चिकटला होता. एक-एक. मग एक-दोन. बाजू बदलल्या आणि धाकटी या टोकाला आली, या तिघांच्या अगदी पुढ्यात. दोन-दोन.

नियम असा आहे की खेळाडू आपल्या टोकाला असेल तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोलता येतात. पलीकडच्या टोकाला असली की नुसत्या खुणा. भावोजींना हा नियम पाठ होता, आणि धाकटी इतकी जवळ होती की तिचा श्वास ऐकू येत होता.

पुढच्या खेळाच्या पहिल्याच गुणाला डावखुरीनं फोरहँड इतक्या जोरात मारला की धाकटी योग्य जागी असूनही रॅकेटला चेंडू चाटून गेला. दुसऱ्या गुणालाही तेच. कोणत्याही पोराटोराला दिसलं असतं की हा नुसता जोर आहे. भावोजींना दिसला तो कोसळू लागलेला पाया.

धाकटी टॉवेल घ्यायला भिंतीपाशी आली. भावोजी उठले. आईनं त्यांचा सदरा पकडला, पण सदरा नवीन होता आणि बुळबुळीत होता.

“उलटं कर!” भावोजी भिंतीवरून वाकून म्हणाले. “आत्ता पळतेस त्याच्या बरोबर उलटं! रेंगाळला, सुटला, दोन्हीला उलटं!”

आपली चित्रफितीतली चूक हा तपशील त्यांनी वेळेअभावी गाळला. पंच घड्याळाकडे बघत होते, आणि चूक सांगायला सुधारणा सांगण्यापेक्षा नेहमीच जास्त वेळ लागतो.

धाकटीनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी विझलं आणि मग तिनं मुकाट्यानं मान हलवली.

डावखुरीनं खांदा वळवला. मोकळा हात रेंगाळला. धाकटी उजवीकडे झेपावली. चेंडू डावीकडून निघून गेला.

भावोजी अजून उभेच होते. आता त्यांनी पाय बघितले. पहिल्यांदाच.

“उजवीकडे का गेली?” ते म्हणाले. “मी उलटं सांगितलं. डावीकडे जायला हवी होती.”

पुढच्या गुणाला हात लवकर सुटला, धाकटी डावीकडे, चेंडू उजवीकडे. दोन-तीन. बाजू बदलायला धाकटी चालू लागली तेव्हा ताई उठली, आईच्या पायांवरून ओलांडून आली आणि नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. आई ताईच्या रिकाम्या खुर्चीत सरकली. परिस्थिती तेवढी गंभीर होती.

“ती पोचत होती,” ताई खालच्या आवाजात म्हणाली. “सबंध सेट पोचत होती. का पोचत होती?”

भावोजींनी टॅबलेट मिटली. उत्तर ताईनंच दिलं.

“कारण तिनं आपलं आपण आधीच उलटं केलं होतं. तू उलटं सांगितलेलं तिनं सुलटं केलं होतं. आणि तू जाऊन तिला सांगितलंस, उलटं कर.”

“मी तुला म्हटलं होतं चित्रफीत—”

“म्हटलं होतंस. मी ऐकलं नाही. ते भांडण घरी करू, जेवून. आत्ता तिला कसं कळवायचं ते सांग.”

धाकटी आता पलीकडच्या टोकाला. दोन खेळ तिथेच. बोलता येणार नाही. खुणा करता येतील. खुणा ठरलेल्या होत्या: कानाला हात म्हणजे मागे राहा, छातीला हात म्हणजे सावकाश, डोक्याला हात म्हणजे जाळीपाशी जा. मघाशी सांगितलं ते पुसून टाक, या अर्थाची खूण ठरवावी असं कोणाला वाटलं नव्हतं.

भावोजींनी दोन्ही हात पुढे धरले, एक रॅकेटवर ठेवल्यासारखा केला, तो तसाच रेंगाळत ठेवला, आणि मग धाकटीला डावीकडे पाठवण्यासाठी आपला डावा हात लांब केला. तो अर्ध्यावर असताना त्यांच्या डोक्यात लख्ख पडलं की ती समोर तोंड करून उभी आहे. तिची डावी बाजू इकडे उजवीकडे येते. त्यांनी डावा हात खाली घेतला, उजवा लांब केला. मग शंका आली, की तिनं आपल्याला आरशासारखं धरलं तर? उजवाही अर्ध्यावर आणला.

“उडायचंय का?” आईनं विचारलं.

पंचांनी या बाजूला बघितलं. पलीकडे धाकटीही बघत होती, रॅकेट खाली सोडून. इतक्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती उभी कशी होती ते दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

“बस,” ताई म्हणाली. तिनं नवऱ्याचा हात धरून खाली ओढला आणि मग तो सोडला नाही.

दोन-चार. तिथे बसून ते दोघं आपण काय करून ठेवलंय ते बघत राहिले. धाकटी आता अर्ध्या मनानं पळत होती. एका पायानं उजवीकडे, मनानं डावीकडे, आणि चेंडू दोन्हींच्या मधून. आईच्या मांडीवर फोन थरथरला. या वेळी तिनं त्यावर हात ठेवला नाही. दोन-पाच.

बाजू बदलल्या. खुर्चीवरची विश्रांती संपवून धाकटी या टोकाला आली. तिनं टॉवेल उचलला, तोंड पुसलं, आणि भिंतीपाशी उभी राहिली. कोणी काही म्हणावं अशी तिची अपेक्षा दिसत नव्हती.

“तूच बोल,” ताई नवऱ्याला म्हणाली. “पण पुरतं बोल.”

भावोजी उभे राहिले. या घरात जावई म्हणून आल्यापासून ते चुकले नव्हते असं नाही, पण दर वेळी चूक कुठेतरी बाहेर सापडली होती: कॅमेऱ्यात, उजेडात, डावखुरीत.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “पहिल्यापासून. चित्रफीत मी उलटी केली होती आणि तशीच बघून तुला डावं-उजवं सांगितलं.”

धाकटीनं टॉवेल खाली घेतला. “पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. मघाशी उलटं सांगितलं ते मला वाटलं तू अजून माझंच ऐकतेस.”

“म्हणजे दुसऱ्या सेटमध्ये मी…”

“बरोबर पळत होतीस. दर वेळी.”

धाकटीनं टॉवेल भिंतीवर टाकला. “मला वाटलं माझं डोकं गेलंय,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलेलं आठवायचं, आणि पाय ऐकायचेच नाहीत. आपले आपण दुसरीकडे जायचे. म्हटलं, आता सांगितलेलं साधं लक्षातही राहत नाही, संपलं आपलं. मग तुम्ही ओरडलात. म्हटलं, पकडलं यांनी.”

“पाय बरोबर होते,” भावोजी म्हणाले. “पायांची मला माहिती आहे. मी बघायला हवं होतं.”

पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं.

“ताई?” धाकटीनं विचारलं.

“मला विचारू नकोस,” ताई म्हणाली. “पायांना विचार.”

“आई?”

“खेळ गं तू,” आई म्हणाली. “चिटणीसबाईंना मी बघते.”

यापुढे काय झालं ते सांगताना भावोजी नंतर कित्येक महिने तंत्राचा आधार घ्यायचे, पण त्यात तंत्र फारसं नव्हतं. धाकटीनं डावखुरीच्या हाताकडे बघणंच सोडून दिलं. निदान बघते आहे असं वाटेना. ती चेंडू सुटायच्या आधी किंचित खाली बसायची आणि मग जिथे जायचं तिथे जायची, दुकानातून दूध आणायला निघालेल्या बाईसारखी, घाई न करता. तीन-पाच.

पुढच्या खेळात डावखुरीला सामना संपवायला एकच गुण हवा होता. ताईनं डोळे मिटले. आईनं दोघांच्याही अंगावरून हात टाकून समोरचा कठडा पकडला. डावखुरीनं खांदा वळवला, आणि भावोजींना तो मोकळा हात दिसला. हात रेंगाळला. “डावीकडे,” ते मनात म्हणाले, आणि लगेच त्यांना धास्ती वाटली की आपण मनात म्हटलेलंही तिला ऐकू जाईल. धाकटी डावीकडे होती. चेंडू परत गेला, डावखुरीला तो नको तिथे मिळाला, आणि तिनं तो बाहेर मारला.

“उघडू का डोळे?” ताईनं विचारलं.

“थांब जरा,” आई म्हणाली.

चार-पाच. पलीकडच्या टोकाला पाच-पाच. या तिघांपैकी कोणी एकही खूण केली नाही. भावोजींनी तर दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते. सहा-पाच. धाकटी परत या टोकाला आली, टॉवेलपाशी आली, आणि त्यांच्याकडे न बघता परत गेली. डावखुरीच्या चेहऱ्यावर आता तेच दिसत होतं जे पहिल्या सेटमध्ये धाकटीच्या चेहऱ्यावर होतं: मी सगळं बरोबर करते आहे, मग ही आधीच तिथे कशी?

शेवटचा गुण फार लांबला. शेवटी डावखुरीनं तिची तोफ ओढली, आणि चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागून तिच्याच बाजूला पडला. धाकटी मात्र ज्या बाजूला तो येणार होता त्या बाजूला जाऊन उभी होती, रॅकेट मागे घेऊन, तयार. चेंडू येत नाही हे तिच्या लक्षात यायला सगळ्यांत उशीर लागला.

“कोपर खाली आलं तिचं,” भावोजी नकळत म्हणाले. “थकल्यावर खण करते ती.”

“आज नको,” ताई म्हणाली. ती रडत होती, आणि नवऱ्याचा हात इतका घट्ट आवळला होता की त्याची बोटं पांढरी पडली होती.

धाकटी हस्तांदोलन करून आली आणि भिंतीला टेकून सरळ जमिनीवर बसली. आईनं वरून फोन पुढे केला. तो पुन्हा थरथरत होता.

“मी बोलले असते,” आई म्हणाली, “पण माझा आवाज लागत नाहीये.”

धाकटीनं फोन कानाला लावला. चिटणीसबाईंचा आवाज मोठा होता, वरच्या तिघांनाही ऐकू येत होता.

“अगं, झाला का सामना? मुलांच्या पालकांना मला सांगायचंय. सोमवारी येतेस ना?”

“सोमवारी नाही जमणार,” धाकटी म्हणाली. “सोमवारी सामना आहे.”

“अगं बाई! जिंकलीस?” पलीकडे खरा आनंद होता. मग थोडा हिशेब झाला असावा. “मग मी कधीपासून धरू?”

“हरले की कळवते.”

“म्हणजे मंगळवारपासून?”

“बहुतेक,” धाकटी म्हणाली, आणि तिनं हातानंच गुडघ्यासाठी बर्फ मागितला.